मिल थांबली तेव्हा मूल कितवीत होतं?

मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या क्वार्टरमधलं एक घर कल्पनेनं समोर आणावं. २०१६ साली थोरला दहावीत, मधली पाचवीत, धाकटा नुकताच अंगणवाडीत जाऊ लागलेला. त्याच वर्षी गावातल्या नेपा या सरकारी कागद मिलचं उत्पादन थांबलं. जुनी यंत्रं बदलून मिल नव्या दमानं सुरू करायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात पुनरुज्जीवित मिलचं उद्घाटन व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडला. तोवर थोरला कमावत्या वयाचा झाला, मधली अकरावीत गेली आणि धाकट्याची दुसरी-तिसरी करोनाच्या टाळेबंदीत सरली. घर एक, आईबाप तेच, संकटही तेच. तरी या तिघांनी सारखंच सोसलं, असं म्हणता येईल का?

मुलांच्या वाढीचं मानसशास्त्र या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहतं. आपल्या शिक्षकांना त्यातली एकच बाजू नीट शिकवली जाते.

शिक्षक पात्रतेच्या सीटीईटी परीक्षेच्या अभ्यासक्रमात पियाजे, कोलबर्ग आणि व्हायगॉट्स्की ही नावं छापलेली आहेत. परीक्षार्थी ती रात्र-रात्र घोकतात. पियाजेच्या मते मुलाचा विचार चार टप्प्यांनी पिकतो: साधारण दोन वर्षांपर्यंत, मग सातपर्यंत, मग अकरा-बारापर्यंत आणि त्यापुढे. एरिक्सननं १९५० साली जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्याच्या हिशेबानं शाळकरी वयात मुलाला ‘आपल्याला काहीतरी जमतं’ हा विश्वास कमवायचा असतो आणि किशोरवयात ‘आपण कोण’ याचं उत्तर शोधायचं असतं. हे सिद्धांत मोलाचे आहेत. व्हायगॉट्स्कीनं त्यात भोवतालच्या माणसांची आणि भाषेची जोड दिली. पण बापाच्या पाळीचा भोंगा वाजेनासा झाला की मुलाचं काय होतं, याचं उत्तर या सिद्धांतांकडून फारसं मिळत नाही.

ते शोधलं ग्लेन एल्डर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं. त्याचं १९७४चं पुस्तक १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची १९२०-२१ मध्ये जन्मलेली १६७ मुलं संशोधकांनी शाळकरी वयापासून नजरेखाली ठेवली होती. एल्डरनं त्या नोंदी पुन्हा उघडल्या. मंदी आली तेव्हा ही मुलं जाणती होती. घराची मिळकत कोसळली तशी मुलगे बाहेर छोटीमोठी कामं करू लागले, मुलींनी घर सांभाळलं. आपल्यावाचून घराचं अडतं, ही जाणीव त्यांना लवकर आली आणि त्यातले बरेच जण पुढे चांगले मार्गी लागले. मग एल्डरनं शेजारच्या बर्कलीतली १९२८-२९ ची मुलं पाहिली. ती मंदीच्या वेळी अगदी लहान होती. तिथल्या मुलग्यांना किशोरवयात स्वतःच्या भविष्याचा भरवसा कमी वाटत होता. घरात हातभार लावण्याचं त्यांचं वय नव्हतं. बेकारीनं चिडचिडा झालेला बाप मात्र त्यांना दिवसभर सोसावा लागला.

म्हणजे घाव किती मोठा, याइतकंच तो कोणत्या वयात बसला हेही महत्त्वाचं.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात गिरणी संपानं मोडलेलं धुरींचं घर आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप साऱ्या गिरणगावाचा होता, पण त्या घरातल्या भावंडांपैकी बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन क्रिकेटमध्ये रमतो आणि नरू गुंडगिरीकडे वळतो. नाटककारानं सिद्धांत मांडला नाही. एका खोलीतल्या भावंडांवर एकच संप किती वेगवेगळ्या वाटांनी येतो, हे त्यानं दाखवलं.

नेपानगरचा जन्मच मिलमधून झाला. नायर प्रेस सिंडिकेटनं १९४७ मध्ये कंपनी काढली, पुढे सरकारनं ती हाती घेतली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मिल देशाला अर्पण केली. १९८१ पर्यंत वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला हा एकमेव कारखाना होता. अशा गावात मिल म्हणजे केवळ नोकरी नसते. क्वार्टर, दवाखाना, शाळा, मैदान, दुकानदाराची उधारी, सगळं तिच्याच आधारानं चालतं. युरी ब्रॉन्फेनब्रेनरनं १९७९ मध्ये मुलाभोवतीची वर्तुळं मांडली. त्यातलं एक वर्तुळ मूल कधी आत पाऊल न टाकणाऱ्या जागांचं आहे, जसं आईबापाचं कामाचं ठिकाण. नेपानगरात ते वर्तुळ फाटकाबाहेरून दिसतं.

अर्थात ऑकलंडचा ताळा इथं जसाच्या तसा लागणार नाही. आपल्याकडे थोरल्या मुलानं कमावणं म्हणजे बहुधा शिक्षण सुटणं आणि मुलीनं घर सांभाळणं म्हणजे लग्न लवकर ठरणं. शिवाय मिलच्या वसाहतीबाहेर कोरकू, भिल, बारेला वस्त्या आहेत. तिथल्या मुलांची भाषा शाळेच्या हिंदीहून वेगळी, आणि वसाहतीतल्या कित्येक घरांत मराठी. एकाच तालुक्यात मुलांच्या भोवतालाचे इतके प्रकार असताना सगळ्यांना एकच उपाय लावणं हा आळस ठरतो.

तरीही एल्डरच्या कामातला एक धागा इथं थेट उपयोगी आहे. बर्कलीच्या मुलग्यांपैकी पुष्कळ जण पुढे सावरले. ते सैन्यात गेले आणि परतलेल्या सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे त्यांना सरकारी खर्चानं महाविद्यालयाची दारं उघडली. त्यांना सावरण्यात घराबाहेरच्या संस्थांचा मोठा वाटा होता. सार्वजनिक उद्योग थांबवताना वा उभा करताना सरकारनं नेमकं हेच लक्षात ठेवायला हवं. पुनरुज्जीवनाच्या चर्चेत टनांचा, कोटींचा आणि स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब होतो. त्यात मुलांच्या वयाचा तक्ताही असला पाहिजे.

तक्ता असेल तर कामं आपोआप वेगळी पडतात. तीन ते सहा वयाला पूर्णवेळ अंगणवाडी आणि मुलाची बोली येणारी सेविका. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला बालवाडी आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली, ती मुलाच्या भोवतालाची हीच जाण ठेवून. सहा ते अकरा वयाला शाळा न बदलण्याची हमी आणि मागे पडलेल्या वाचन-गणिताची भरपाई. चौदाच्या पुढच्यांना आयटीआय, मिलमध्येच शिकाऊ उमेदवारी आणि मुलींना गावातच बारावीपर्यंतची शिष्यवृत्ती. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून दहा ते एकोणीस वयासाठी आहे. अशा गावात त्याचा समुपदेशक आईबापांपर्यंतही पोचावा, कारण पैशाची तंगी मुलापर्यंत बरेचदा घरातल्या भांडणांतून येते.

यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. मिलचा हजेरीपट आणि शाळांची दाखल रजिस्टरं शेजारी ठेवली की कोणत्या घरात कोणत्या वयाची मुलं होती, हे बुऱ्हाणपूरच्या जिल्हा प्रशासनाला कळू शकतं. वस्त्यांमधली बहुतेक मुलं त्या हजेरीपटावर सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी अंगणवाडीच्या नोंदी उघडाव्या लागतील, आणि सुरुवात तिथूनच केलेली बरी.