स्वस्त होणारी सुई

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही इंजेक्शने भारतात आली आणि वजन उतरवण्याचा विषय व्यायामशाळेतून औषधाच्या दुकानात गेला. वेगोवीमधील सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे. पेटंटचा अडसर नसला की आपले कारखाने तेच औषध किती स्वस्त करू शकतात, हे एड्सच्या औषधांबाबत जगाने पाहिले आहे.

त्याचा आनंद जरूर मानावा. मात्र औषध स्वस्त झाले म्हणून त्यावर नजर ठेवणारा डॉक्टर स्वस्त होत नाही, आणि आपण काटकसर करतो ती नेमकी तिथे!

हे औषध आतड्यातील एका संप्रेरकाची नक्कल करते. भूक मंदावते, जठर उशिरा रिकामे होते; मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्यातूनच येतात. म्हणून वेगोवी आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून, दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढत, २.४ पर्यंत न्यायची असते. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले म्हणून पायऱ्या गाळता येत नाहीत.

मधुमेह्यांनी अधिक जपावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि डॉक्टरांनी त्याची मात्रा बेताची केली नसेल, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. पोटातून पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. पुढची सुई न घेता रुग्णालय गाठावे. स्वतःला वा घराण्यात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असल्यास हे औषध घेऊच नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवावे. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे.

कर्जखाती तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यात सर्वांत आधी दिसतो तो हप्ता, आणि तोही मुदत न लिहिलेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले. तेव्हा ‘किती दिवस घ्यायचे आणि थांबवायचे कसे’ हे पहिल्याच भेटीत विचारावे.

आणखी एक गोष्ट. चरबीबरोबर स्नायूही झडतात. आपल्या ताटात प्रथिने मुळातच बेताची. भूक निम्मी झाली की वरण, उसळ, अंडे हेच आधी सुटते. साठीपुढच्या माणसाला वजनकाट्यावर हे दिसत नाही, जिना चढताना कळते.