विश्लेषण : प्रोसेसर थंड ठेवणारे ‘अंडरव्होल्टिंग’ काय आहे? लॅपटॉप कंपन्यांनी त्याला कुलूप का घातले?

लॅपटॉपवर व्हिडीओ संपादनाचे काम सुरू केले, की पाच-दहा मिनिटांत पंखा घोंघावू लागतो, कीबोर्डवर हात ठेववत नाही आणि सुरुवातीला झपाट्याने चाललेले काम रेंगाळते. हा बिघाड नसतो. लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवलेली असते. तिथे पोहोचताच चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. यावर कूलिंग पॅड घ्या, थर्मल पेस्ट बदला, असे सल्ले दिले जातात. त्याहून स्वस्त, खरे तर फुकटचा उपाय म्हणजे प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब किंचित घटवणे. त्यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. मात्र गेल्या काही वर्षांत अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय कंपन्यांनीच बंद करून टाकली आहे.

व्होल्टेज थोडे घटवून एवढा फरक का पडतो?

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि त्यात खर्च होणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते : वेग आणि व्होल्टेज. वेग जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने वीज वाढते. व्होल्टेजचा परिणाम मात्र वर्गाने होतो. १.२ व्होल्टवर चालणारी चिप १.१ व्होल्टवर आणली, तर वेग तोच राहूनही या कामात खर्च होणारी वीज सुमारे १६ टक्क्यांनी घटते. जेवढी वीज कमी तेवढी उष्णता कमी, कारण प्रोसेसरमध्ये गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. अंडरव्होल्टिंग म्हणजे संगणक मंद करणे नव्हे. वेग कमी करण्याला अंडरक्लॉकिंग म्हणतात; ती वेगळी गोष्ट. अंडरव्होल्टिंगमध्ये वेगाला हात लावला जात नाही. उलट तापमानाची मर्यादा उशिरा गाठली जात असल्याने दीर्घ कामात चिप वरचा वेग अधिक काळ टिकवते.

हा फरक आपल्याकडच्या उन्हाळ्यात विशेष जाणवतो. चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जेवढे अंतर, तेवढी उष्णता बाहेर पडते. खोली २५ अंशांवर असेल तर १०० अंशांच्या चिपला ७५ अंशांचे अंतर मिळते. मे महिन्यात नागपूर वा अकोल्यातील एसी नसलेली खोली ४० अंशांवर गेली की तेच ६० उरते. पंखा आणि तांब्याच्या नळ्या त्याच, पण उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने घटलेली.

कंपन्या गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज का देतात?

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसेच हे आहे. एकाच सिलिकॉन चकतीवरून कापलेल्या दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. एखादी कमी व्होल्टेजवरही बिनचूक चालते, दुसरीला जास्त लागते. शिवाय कामाचा भार अचानक वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली झुकते, आणि चिप जुनी होत जाते तशी तिची गरजही वाढते. या सगळ्यांची तरतूद म्हणून निर्माते प्रत्येक चिपला थोडे वाढीव व्होल्टेज देतात. नशिबाने चांगली चिप मिळालेला ग्राहक ही तरतूद उष्णतेच्या रूपाने फुकट सोसत असतो. त्यातील काही भाग परत मिळवणे, एवढाच अंडरव्होल्टिंगचा अर्थ.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले तर चिप अधिक तापत नाही. पाच व्होल्टवरून उद्योग एक व्होल्टच्या आसपास आला तो याच वाटेने. २००५ च्या सुमारास ही वाट खुंटली, कारण व्होल्टेज आणखी उतरवले की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. तेव्हापासून प्रत्येक मिलिव्होल्टला मोल आले.

जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त सुरक्षित का?

तसे मानणाऱ्यांना २०२४ ने उत्तर दिले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम मध्येच बंद पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या. चिप गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने जुलैमध्ये मान्य केले. ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टवरील मागणीला लगाम घातला आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवण्यात आला. मात्र ज्या चिपांचे नुकसान झाले होते, त्या मायक्रोकोडने बऱ्या होणाऱ्या नव्हत्या. कारखान्यातून आलेली व्होल्टेजची मांडणी ब्रह्मवाक्य नसते, हे इथे खुद्द निर्मात्याच्याच कबुलीतून दिसले.

मग कुलूप कशामुळे?

डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्युव्हेन आणि ग्राझ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘एसजीएक्स’ नावाची बंदिस्त तिजोरी होती. संगणकाच्या प्रशासकालाही आतील माहिती दिसू नये, अशी तिची रचना. संशोधकांनी नेमक्या क्षणी व्होल्टेज खाली ओढले, आतील गुणाकार चुकवला आणि त्या चुकीच्या उत्तरांवरून गुप्त किल्ली शोधून काढली. ज्या सोयीने लॅपटॉप थंड ठेवता येत होता, तीच वापरून तिजोरी फोडली गेली. इंटेलने ती सोय बंद करता येईल असे मायक्रोकोड व बायोस अपडेट दिले आणि लॅपटॉप कंपन्यांनी ते सरसकट लागू केले. अपडेटनंतर आपली जुनी मांडणी चालेनाशी झाल्याचे अनेकांच्या लक्षात आले.

धोका खरा होता, यात वाद नाही. पण हल्ल्यासाठी संगणकाचे प्रशासकीय अधिकार आधीच हाती असावे लागत. घरच्या लॅपटॉपवर असा ताबा मिळालेल्या चोराला तिजोरी फोडण्याची गरजच उरत नाही. सगळे घर त्याला मोकळे असते. क्लाउड कंपन्यांच्या सर्व्हरसाठी हे कुलूप योग्यच होते. घरच्या ग्राहकांमध्ये एसजीएक्सचा वापर मुख्यतः फोर-के ब्लू-रे चित्रपट पाहण्यापुरता होता. पुढे अकराव्या पिढीपासून घरगुती कोअर प्रोसेसरमधून इंटेलने एसजीएक्सच काढून टाकले. तिजोरी गेली, कुलूप मात्र अनेक लॅपटॉपवर तसेच राहिले. दुसरीकडे एएमडीने रायझन ५००० मालिकेपासून ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ ही प्रत्येक कोअरचे व्होल्टेज स्वतंत्रपणे घटवण्याची सोय दिली. इंटेलच्याही खुल्या डेस्कटॉप चिपांवर ही मुभा आहे. म्हणजे अडचण तंत्रज्ञानात उरलेली नाही. लॅपटॉप बनवणारा ती खिडकी उघडी ठेवतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ग्राहकाने हे करावे का?

सावधपणे, आणि कशासाठी करतो आहोत हे ओळखून. १०-१० मिलिव्होल्टने खाली येत प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसरला तासभर पूर्ण भार द्यायचा. संगणक गोठला किंवा विंडोजच्या नोंदींमध्ये हार्डवेअरची चूक दिसली, की काही टप्पे मागे यायचे. कमी व्होल्टेजने चिप जळत नाही. सॉफ्टवेअरमधून केलेला बदल ‘स्टार्टअपला लागू करा’ असे सांगितलेले नसेल, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर सहसा पुसला जातो. म्हणून पहिले काही दिवस ती खूण न केलेलीच बरी. काठावर चालणारी चिप भारापेक्षा निवांत असतानाच, वेग बदलण्याच्या क्षणी, कोलमडते असाही अनेकांचा अनुभव आहे. त्यामुळे तासाभराच्या चाचणीवर विसंबू नये.

संगणक बंद पडणे हा यातला सौम्य धोका. चिप न थांबता, न कुरकुरता चुकीचे उत्तर देते तेव्हा खरी पंचाईत. गुगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये अशा मूक चुकांवर लिहिले. त्या अंडरव्होल्टिंगमुळे झालेल्या नव्हत्या, सदोष कोअरमुळे होत्या. पण व्होल्टेजची तरतूद फार खरवडली तर याच जातीची चूक घरात येऊ शकते. गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर बिघडत नाही. सीएच्या कार्यालयातील हिशेब, दवाखान्यातील नोंदी किंवा लग्नाच्या फोटोंची एकमेव प्रत ज्या संगणकावर आहे, तिथे हा प्रयोग करण्यात शहाणपण नाही.

वीजबिलाच्या आशेने करणाऱ्यांनी आकडेमोड करून पाहावी. लॅपटॉपची १० वॉट वीज वाचली आणि तो रोज पाच तास भारावर चालला, तर एक युनिट वाचायला २० दिवस लागतात. फायदा आहे तो शांत पंख्यात, टिकणाऱ्या वेगात आणि मांडीवर ठेवता येणाऱ्या यंत्रात.

मग मुभा कोणाला असावी?

कुलूप मुळात असण्याला विरोध नाही. कार्यालयाने हजार लॅपटॉप घेतले तर त्यांच्या व्यवस्थापकाला व्होल्टेज बंदिस्त ठेवता आलेच पाहिजे. पण स्वतःच्या पैशाने यंत्र घेणाऱ्यालाही बायोसमध्ये इशाऱ्यासह एक पर्याय मिळायला हरकत नसावी, आणि तो मिळणार नसेल तर तसे खोक्यावर छापलेले असावे. आज रॅम किती, पडदा किती इंची, हे ठळक अक्षरांत असते. व्होल्टेज बदलता येते की नाही, हे कळते लॅपटॉप घरी आणून बायोस उघडल्यावर. तेही पुढच्या अपडेटपर्यंतच खरे असते.