मुरुमांवरील औषधांची चिठ्ठीविना विक्री थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आयसोट्रेटिनॉइन व डॉक्सिसायक्लिनची चिठ्ठीविना विक्री आणि आतड्यांच्या दाहाचे रुग्ण

महोदय,

आम्ही क्रोन्स व अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण आणि त्यांचे पालक. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. तो बळावला की स्टेरॉइड घ्यावे लागते आणि स्टेरॉइडने चेहरा मुरुमांनी भरतो. पोटाचे दुखणे लपवता येते, चेहरा कुठे लपवणार? मग कॉलेजातली मुले परस्पर मेडिकलमध्ये जातात, पिंपल्सची गोळी मागतात आणि ती त्यांना मिळते. पोटाचा काही आजार आहे का, हे कोणी विचारत नाही.

आयसोट्रेटिनॉइन अमेरिकेत १९८२ पासून वापरात आहे. पोटात दुखले, शौचातून रक्त गेले किंवा तीव्र जुलाब लागले तर गोळी ताबडतोब बंद करावी, असे तिथले माहितीपत्रक बजावते. या गोळीनेच आतड्यांचा दाह झाला, असा आरोप करत तिथे खटलेही चालले. पुढच्या मोठ्या अभ्यासांना मात्र तसा संबंध आढळला नाही. म्हणून आम्ही बंदी मागत नाही. त्वचारोग आणि पोटविकार तज्ज्ञांनी मिळून ठरवले, तर आमच्यापैकी एखाद्याला हेच औषध योग्यही ठरेल. धोका आहे तो गुपचूप घेण्यात. रक्त पडू लागले, की मूळ आजार उलटला की औषध बाधले, हे ओळखायला डॉक्टरांना गोळी माहीत तर हवी! डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकनेही जुलाब लागतात आणि ते आजार उलटल्यासारखेच दिसतात. आतड्यांच्या आजारासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृतावरचा ताण वेगळाच. गर्भावर आयसोट्रेटिनॉइनचे होणारे गंभीर परिणाम तर सर्वश्रुत आहेत.

आयसोट्रेटिनॉइन व डॉक्सिसायक्लिन ही दोन्ही औषधे शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याचा नियम आधीपासूनच आहे. आमची मुख्य मागणी तो पाळला जावा एवढीच : औषध निरीक्षकांनी, विशेषतः महाविद्यालयांच्या परिसरातील दुकानांत, या औषधांच्या विक्रीची बिले चिठ्ठ्यांशी ताडून पाहावीत आणि दोषींवर कारवाई करावी. आतड्यांच्या आजाराविषयी विचारणा करणारा मराठी फलक प्रत्येक दुकानात लावण्याचे आवाहन आपण विक्रेत्यांना करावे. वेष्टनावरील सूचना केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्या मराठीतही असाव्यात, अशी शिफारस आपल्या कार्यालयाने केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करावी. दुष्परिणाम कळवण्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक फलकावरच छापता येईल.

या संदर्भात भेटीची वेळ द्यावी आणि केलेली कारवाई लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
आतड्यांच्या दाहाचे रुग्ण व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)