अंतराळस्थानकांचा अंत कोणाच्या माथीं?

पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग जलमय आहे, तेव्हां अंतराळस्थानक कोसळलें तरी भिण्याचें कारण काय, असा युक्तिवाद अद्यापि ऐकूं येतो. हा युक्तिवाद शास्त्रज्ञाचा नव्हे, जुगाऱ्याचा होय. अमेरिकेनें १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ वर धाडली. तिला सुरक्षितपणें उतरविण्याची तजवीज मात्र केली नाहीं. सूर्याच्या प्रक्षोभानें वरचें वातावरण फुगलें, त्याच्या घर्षणानें तिची कक्षा खालावली, आणि ११ जुलै १९७९ रोजीं तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियांत विखुरले. कोणी दगावलें नाहीं, हें दैव, कर्तृत्व नव्हे. उलट, १९८६ सालीं जन्मलेलें रशियाचें ‘मीर’ २३ मार्च २००१ रोजीं दक्षिण पॅसिफिक महासागरांत योजनापूर्वक बुडविण्यांत आलें. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा भार तर सुमारें ४२० टन. तें खालीं आणणाऱ्या यानासाठीं २०२४ सालीं ८४ कोटी ३० लक्ष डॉलरपर्यंतचा करार झाला. हा खर्च ज्यांस उधळपट्टी वाटेल, त्यांस आमचा सवाल आहे: आपला भार शेजाऱ्याच्या छपरावर टाकणें ही काटकसर कीं बेजबाबदारी? भारतानेंही २०३५ पर्यंत स्वतःचें स्थानक उभारण्याचा संकल्प सोडला आहे. त्याच्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर त्याच्या अखेरीचा हिशेब मांडलेला असावा.