परवाना परत मिळेल, विश्वासाचे काय?

गाळप हंगाम सुरू झाला की अकलूजचे रस्ते रात्रंदिवस वाहते असतात. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालट्रक, बैलगाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकी हे या परिसराचे नित्याचे दृश्य आहे. येथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय असून ‘एमएच ४५’ हा क्रमांक त्याचीच ओळख आहे. माळशिरस तालुक्यातील कित्येक घरांची चूल वाहनचालकाच्या परवान्यावर पेटते. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यामुळे असा परवाना निलंबित झाला, तर त्या काळात त्या चालकाने, त्याच्या कुटुंबाने आणि धर्मग्रामाने कसे वागावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा गुन्हा रस्त्यातच दंड भरून मिटत नाही. त्यासाठी न्यायालयापुढे उभे राहावे लागते. पोलिसांनी जप्त केलेला परवाना परिवहन कार्यालयाकडे जातो. रस्तासुरक्षेविषयी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना असे निर्देश दिले की, अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा.

या कारवाईत चालकाला काही हक्कही आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. परवाना अपात्र ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे परिवहन अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. कलम १९ खालील आदेश अन्यायकारक वाटल्यास तो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी एक अट घातली: निलंबनाची मुदत संपली तरी चालकांसाठीचा उजळणी प्रशिक्षणक्रम पूर्ण केल्यावरच परवाना परत द्यावा. म्हणून नोटिशीला वेळेवर उत्तर देणे, सुनावणीस स्वतः हजर राहणे आणि प्रत्येक कागद जपून ठेवणे हाच सरळ मार्ग होय. ‘मी मिटवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देणे म्हणजे पहिल्या अपराधात दुसऱ्याची भर घालणे होय.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. ज्याच्या दारात स्वतःची मोटार आहे, तो तीन महिन्यांसाठी चालक ठेवील. ज्याचा चरितार्थच वाहन चालविण्यावर आहे, त्याची मात्र रोजी बुडेल. हंगामाचे मोजके महिने हातचे गेले, तर घेतलेली उचल कशी फिटणार, मुलांचे शुल्क कोठून भरणार? एकच शिक्षा श्रीमंताला गैरसोय वाटते आणि गरिबाला उपासमार घडविते. हा आक्षेप आम्हाला खोटा वाटत नाही.

तथापि रस्त्यावर बळी कोण पडतो, हेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मरण पावले. चालकाने मद्य घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. आपल्याकडेही पहाटेच्या अंधारात बैलगाडी हाकणारा ऊसतोड कामगार, सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी, कडेने चालणारा वारकरी यांच्याभोवती लोखंडाचे कवच नसते. गरीब चालकाविषयीच्या करुणेने त्याच्याहून असुरक्षित माणसाचा विसर पडता कामा नये. निलंबन आवश्यकच आहे. मात्र त्याचा भार एकट्या पत्नी-मुलांवर पडू न देणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.

या काळातील सर्वांत मोठा मोह म्हणजे ‘रात्रीच्या दोन खेपा करून येतो, कोण पाहतो?’ हा विचार. अपात्र असताना वाहन चालविल्यास कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. अशा वेळी अपघात घडला, तर विमा कंपनी आपला हात आखडता घेऊ शकते आणि भरपाईचा बोजा थेट घरादारावर येऊ शकतो. त्यापेक्षा कारखान्यावर, शेतात किंवा गॅरेजमध्ये मिळेल ते काम पत्करणे हिताचे आहे. वाहन स्वतःचे असेल, तर परवानाधारक विश्वासू चालकाकडे ते सोपवून उत्पन्नाचा काही भाग तरी राखता येतो.

मद्याविषयीचे काही गैरसमजही दूर व्हायला हवेत. कॉफी, लिंबूपाणी वा गार पाण्याची अंघोळ यांनी रक्तातील मद्यार्क लवकर उतरत नाही. सर्वसाधारणपणे तो ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम या गतीने कमी होतो. मध्यरात्री हे प्रमाण १५० असेल, तर कायद्याच्या मर्यादेपर्यंत येण्यास सकाळचे आठ वाजतील. ‘रात्री घेतली, आता काही नाही’ असे म्हणत पहाटे पाच वाजता ट्रॅक्टर सुरू करणारा चालक म्हणूनच दोषी ठरू शकतो.

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या २२९० व्या परिच्छेदात, मद्यधुंद अवस्थेत किंवा वेगाच्या हव्यासाने स्वतःचे व इतरांचे जीवन धोक्यात घालणाऱ्यास गंभीर दोषी मानले आहे. जून २००७ मध्ये व्हॅटिकनच्या स्थलांतरितविषयक परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. वाहन चालविण्याच्या स्थितीत नसलेल्यास प्रेमाने परावृत्त करणे आणि योग्य वेळी दोषी चालक व पीडित यांची भेट घडवून क्षमेचा मार्ग मोकळा करणे, या गोष्टी त्यांत अंतर्भूत आहेत.

प्रायश्चित्त संस्कारात आपण पश्चात्ताप करतो, पाप कबूल करतो आणि झालेली हानी भरून काढण्याचा प्रयत्न करतो. जक्कयाने प्रभूसमोर केवळ खेद व्यक्त केला नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी दोन तरुण अभियंत्यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा अल्पवयीन आरोपीला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगण्यात आले आणि सारा महाराष्ट्र संतापला. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु झालेल्या हानीपुढे भरपाई इतकी हलकी असू नये, ही जनतेची भावना आपल्या धर्मशिकवणीशी सुसंगतच होती. निलंबनाचे तीन महिने याच दृष्टीने पाहावेत. केवळ दिनदर्शिकेची पाने उलटून काढलेले महिने माणसाला होता तेथेच ठेवतात.

ज्याची एकदा चूक झाली, त्याला दृढ निश्चय पुरेसा ठरू शकतो. ज्याला व्यसन जडले आहे, त्याला मात्र उपचार हवेत, कारण व्यसन हा आजार आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास जिवाला धोका संभवतो. म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे कार्य करीत आले आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. स्वतः व्यसनातून सावरलेल्या या धर्मगुरूंना २००९ मध्ये पद्मश्री सन्मान लाभला. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभांना शुल्क नसते, आणि व्यसनी व्यक्तीच्या आप्तांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे.

धर्मग्रामांनीही आत्मपरीक्षण करावे. लग्न, बाप्तिस्मा वा सणाच्या मेजवानीत पाहुण्याचा पेला भरणारे आपणच असतो; त्याला घरी कोण पोहोचविणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. यजमानाने पाहुण्याच्या गाडीची किल्ली मागून घेणे हा अपमान नव्हे, ते शेजारप्रेम आहे. ज्याचा परवाना गेला आहे त्याच्या घरी कुजबुज न पोहोचता धान्य पोहोचावे, मुलाची फी भरली जावी, रविवारच्या मिस्सेला त्या कुटुंबाला कोणीतरी आपल्या वाहनातून घेऊन यावे. त्याची चूक झाकणे आणि त्याला वाळीत टाकणे हे दोन्ही मार्ग ख्रिस्ती नव्हेत.

मुदत संपल्यावर परिवहन कार्यालय परवाना हाती देईल. पत्नीचा, मालकाचा आणि रस्त्यावरील अनोळखी माणसाचा विश्वास कोणतेही कार्यालय देऊ शकत नाही. तो रोज शुद्धीत घरी परतूनच मिळवावा लागतो. त्या वाटेवर आपला एखादा बांधव आज एकटा चालत असेल, तर या आठवड्यातच त्याच्या दारी जावे, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.