माणदेशची मेंढी आणि डीएनएतील एक अक्षर

माण तालुक्याच्या अर्थकारणात पावसाचा भरवसा कधीच धरता आलेला नाही. कृष्णाकाठी उसाचे मळे उभे राहिले, त्याच काळात दहिवडी-म्हसवडच्या माळावर ज्वारी-बाजरीला आधार राहिला तो मेंढीचाच. घोंगडीची मागणी ओसरल्यापासून लोकरीचे उत्पन्न नाममात्र उरले असून धनगर कुटुंबाच्या हाती रोकड येते ती मुख्यतः कोकरे विकूनच. आणि दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. मेंढपाळाची सारी मिळकत या एका आकड्याशी जखडलेली आहे.

हा आकडा बदलता येतो, हे महादेवाच्या डोंगररांगेपलीकडे फलटण येथे दिसून आलेले आहे. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 नंतरच्या दशकात सुंदरबनातील गरोल जातीच्या मेंढ्या तेथे आणल्या. गरोल मेंढी बुटकी, अंगाने हलकी. परंतु एका वेताला दोन, क्वचित तीन कोकरे देणारी. थोराड दख्खनी मेंढीत तिचा हा एकच गुण उतरवावा, बाकीचे बुटकेपण मागे ठेवावे, असा हा दीर्घ खटाटोप होता. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हे वाण तयार झाले.

त्या गुणाचे मूळ 2001 साली उकलले. मेंढीच्या पेशीत डीएनएची सुमारे अडीच ते तीन अब्ज अक्षरे असतात. त्यांपैकी एका जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘जी’ हे अक्षर पडले आहे. फरक काय तो एवढाच. डीएनए पेशीकेंद्रात राहतो. त्यातील मजकुराची नक्कल आरएनएवर उतरते, ती केंद्राबाहेर जाते आणि तिच्यातील तीन-तीन अक्षरांच्या गटांनुसार प्रथिनाची साखळी जुळविली जाते. या त्रिकांची भाषा उलगडण्याच्या कार्याबद्दलच हरगोविंद खुराना यांना 1968 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. प्रस्तुत जनुकात अक्षर बदलल्याने ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल साखळीत बसते, अंडाशयातील एका प्रथिनाचे वर्तन बदलते आणि एका वेळी एकाहून अधिक बीजे परिपक्व होतात. हेच जनुक ऑस्ट्रेलियातील ‘बुरूला’ मेरिनो मेंढ्यांतही आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून सिडनीला गेलेल्या मेंढ्यांकडे त्याचा उगम जातो. बंगालचे धन दोन शतके परदेशात नावारूपास आले आणि त्याचे मोल आपल्याला मग कळले, यात नवल वाटण्याजोगे फारसे काही नाही.

डीएनए प्रत्येक पेशीत तोच असतो. कोणत्या पेशीत कशाची नक्कल आरएनएवर उतरवावयाची, हे मात्र त्या पेशीगणिक ठरते. मेंढ्याच्या अंगीही हे जनुक असते, पण अंडाशयच नसल्याने त्याचा हा प्रभाव तेथे प्रकट होत नाही. तो दिसावयाचा तो त्याच्या मुली व्याल्यावर, म्हणजे दोन-तीन वर्षांनी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने सारी अडचण येथेच आहे. म्हसवडच्या बाजारात गिऱ्हाईक मेंढ्याची उंची, शिंगे, चाल पाहून पैसे मोजते. जुळ्यांचे जनुक त्याला दिसत नाही. विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, जेथे मालाची प्रत गिऱ्हाइकाला पारखता येत नाही, तेथे चांगला माल बाजारातून हटत जातो. मेंढ्यांच्या बाबतीत तर याहून वाईट घडते. जुळ्यातले कोकरू जन्मतः लहान असते. पैदाशीसाठी कळपातील सर्वांत थोराड कोकरू निवडण्याची पिढीजात रीत त्यामुळे नेमके हेच जनुक गाळून टाकते.

डीएनएची तपासणी ही अडचण दूर करते. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून निकाल लागतो. तथापि ती एकदा करून भागत नाही. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांना दाखविला तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते, आणि एक प्रत असलेली मेंढी सरासरीने दर वेताला साधारण दीड कोकरू देते. पुढच्या पिढीत तसाच मेंढा पुन्हा वापरला, तर काही मेंढ्यांत दोन प्रती येतात आणि तिळ्यांचे प्रमाण वाढते. माणच्या माळावर तिळी कोकरे जगविणे दुरापास्त. तेव्हा कोणत्या कळपात कोणता मेंढा द्यावयाचा, याची नोंद पिढी दर पिढी ठेवावी लागेल. एकट्यादुकट्या मेंढपाळाच्या आवाक्यातील हे काम नाही. खाजगी व्यापाऱ्यालाही त्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही, कारण एकदा विकलेल्या जनुकाची संतती गिऱ्हाइकाच्या कळपात फुकट वाढते. अहिल्यादेवींच्या नावाने चालणाऱ्या शासकीय मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र दहिवडीत आहे. तपासलेल्या मेंढ्यांचे वाटप आणि कळपांची नोंदवही हे त्या प्रक्षेत्राचे नित्य काम ठरावे, आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलावा.

मात्र दुसरे कोकरू पोटात वाढते ते आईच्या खुराकावर. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या वाड्यात व्यालेल्या मेंढीला विसावा नसतो. नवजात कोकरे घोड्याच्या पाठीवर घालून नेली जातात. दूध अपुरे पडले की दोन्ही कोकरे खुरटतात, आणि एका धडधाकट कोकराला मिळाली असती तेवढीही किंमत दोघांची मिळून येत नाही. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत माणमध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्या प्रामुख्याने गाई-म्हशी-बैलांसाठी. मेंढी चालत जाते, म्हणून तिची सोय तीच पाहील, असे गृहीत धरले गेले. चराऊ रानांवर लागवड आणि वनखात्याची बंदी वाढत असता हे गृहीतक तसेही खिळखिळे झाले आहे. दर वेताला एकाऐवजी दीड कोकरू धरावयाचे, तर गाभण आणि दुभत्या मेंढीसाठी दोन-तीन महिन्यांच्या पुरवणी खुराकाची तरतूद मेंढ्यांच्या वाटपाबरोबर, त्याच अंदाजपत्रकात करावी लागेल. तशी तरतूद नसेल तर निदान पहिली काही वर्षे तपासलेले मेंढे फिरत्या वाड्यांना न देता, विहिरीचे पाणी आणि कडबा घरी असलेल्या बैठ्या कळपांनाच द्यावेत.