खोटी बंदूक, खरी बंदूक

बंदुकीचा विषय निघाला की आमच्या बीड जिल्ह्यात हल्ली माणसे आवाज खाली आणतात. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि त्यांना हाल हाल करून मारण्यात आले. त्या खुनात बंदूक चालली नव्हती. पण त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राची नजर या जिल्ह्याकडे वळली आणि वर्षानुवर्षे झाकून राहिलेल्या अनेक गोष्टी उजेडात आल्या. शस्त्रपरवान्यांची संख्या ही त्यातलीच एक. ऊसतोड मजुरांच्या या दुष्काळी जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने! पाठोपाठ हवेत बार काढणाऱ्या, कमरेचे पिस्तूल मिरवणाऱ्या वीरांच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. प्रशासनाने छाननी केली, बरेच परवाने रद्दही केले.

या सगळ्यावर लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या कट्ट्यावर, सकाळच्या फिरण्यात चर्चा होते आणि फिरून फिरून ती एकाच ठिकाणी येऊन थांबते. कोणीतरी सुस्कारा टाकतो, ‘अहो, ही पोरं लहानपणापासून गोळ्या झाडण्याचे खेळ खेळतात. दुसरं काय होणार?’ बाकीचे माना डोलावतात. निदान झाले, रोगी सापडला, आता चहा घ्यायला हरकत नाही.

या निदानाला माझा आक्षेप आहे. हे खेळ आपल्याकडे आले तेव्हा मी अंबाजोगाईच्या एका बँकशाखेत कर्जाची प्रकरणे पाहत होतो. त्यामुळे ते खेळ मी बापाच्या डोळ्यांनी पाहिले तसे कर्ज देणाऱ्याच्या डोळ्यांनीही पाहिले, आणि दुसरे डोळे जरा कोरडे असतात.

पंतप्रधान रोजगार योजना १९९३ साली सुरू झाली. सुशिक्षित बेकाराला व्यवसायासाठी एक लाखापर्यंतचा प्रकल्प, त्यावर १५ टक्के पण फार तर साडेसात हजार रुपये अनुदान, आणि तारण नाही. पहिली काही वर्षे पिठाची गिरणी, किराणा, झेरॉक्स, एसटीडी बूथ अशी प्रकरणे येत. २००१-०२ च्या सुमारास सायबर कॅफेची येऊ लागली. लाखभरात सुटे भाग जोडून केलेले तीन संगणक बसत. उरलेले मामाकडून उसने घेऊन किंवा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढून उभे केले जात. प्रकल्प अहवालात ‘ज्ञानाचे महाद्वार’ वगैरे शब्द असत. प्रत्यक्ष तपासणीला गेलो की पडद्याआड पाच-सहा पोरे कानाला हेडफोन लावून एकमेकांवर गोळ्या झाडत असलेली दिसत. मालक जरा ओशाळून सांगे की इंटरनेटला गर्दी होते ती निकालाच्या दिवशी. बँकेचा हप्ता निघतो तो या पोरांच्या तासाला वीस रुपयांवर.

हे असे का झाले, यामागे साधे कारण होते. आमच्याकडचे इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून, रडतखडत येई. पण ‘काउंटर-स्ट्राइक’ला इंटरनेट लागतच नसे. खोलीतले संगणक एका तारेने एकमेकांना जोडले की खेळ सुरू. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी दुसऱ्या एका खेळात फेरफार करून १९९९ साली हौसेने तो बनवला होता आणि २००० साली व्हॉल्व या अमेरिकी कंपनीने तो बाजारात आणला. त्याच वर्षीचा दुसरा लोकप्रिय खेळ ‘प्रोजेक्ट आयजीआय’, नॉर्वेच्या एका कंपनीचा. आमच्या गावात यांपैकी एकाचीही मूळ सीडी कोणी विकत घेतली असेल असे वाटत नाही.

‘आयजीआय’मध्ये एकटा माणूस शत्रूच्या तळात शिरतो. त्यात एक अडचण होती. मोहीम अर्धवट असताना खेळ साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. मेलात की पहिल्यापासून सुरुवात. वाचकहो, आता त्या काळचे भारनियमन आठवा. परळीचे औष्णिक वीज केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि अंबाजोगाईत तासन्‌तास अंधार! पाऊण तास सरपटत, लपतछपत पोरगा शेवटच्या कुंपणापर्यंत पोचावा आणि वीज जावी. बॅटरी जुनी झालेली असली की सगळे पाण्यात. मग हळहळत, हसत, एकमेकांना चिडवत ती पोरे बाहेर ओट्यावर येऊन बसत. सहनशीलतेचे असे धडे पाठ्यपुस्तकात नव्हते.

‘काउंटर-स्ट्राइक’ने तर माझ्यातल्या बँकवाल्यालाच चकित केले. तिथे बंदूक फुकट मिळत नाही. प्रत्येकाला सुरुवातीला ८०० डॉलर मिळतात. एके-४७ अडीच हजारांना, लांबवर नेम धरणारी मोठी रायफल ४७५० ला. फेरी जिंकली की पैसे जास्त, हरली की कमी. पण संघ सलग हरत गेला तर त्याला दर फेरीला वाढीव मदत मिळते, म्हणजे पुन्हा उभे राहता यावे. पीककर्जाचे पुनर्गठन याहून वेगळे काय असते? पैसा नसेल तर सगळ्यांनी एक फेरी साध्या पिस्तुलावर काढायची आणि पुढच्या फेरीला एकदम खरेदी करायची, हे दहावी-बारावीची पोरे आपसात ठरवत. एखाद्याकडे शिल्लक असली तर तो दुसऱ्याला बंदूक घेऊन देई. आणि एकदा मेलेला गडी फेरी संपेपर्यंत नुसता बघत बसे. एक फेरी अतिरेकी व्हायचे, एक फेरी पोलीस. बीड, अंबाजोगाईसारख्या गावात त्या बाकांवर सगळ्या धर्मांची, सगळ्या गल्ल्यांची पोरे शेजारी शेजारी बसत, आणि कोण कुठल्या बाजूला हे त्यांच्या आडनावावरून ठरत नसे.

ती पोरे आज चाळिशीत आहेत. काही मास्तर झाले, काहींची औषधांची दुकाने आहेत, काही पुण्यात संगणकावरच पोट भरतात. हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला कळते. शास्त्राचे म्हणाल तर अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली अशी आक्रमकता यांत थोडा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिने सांगितले.

जर्मनीचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. २६ एप्रिल २००२ रोजी एरफुर्ट शहरातील शाळेत काढून टाकलेल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ जणांना गोळ्या घातल्या आणि स्वतःला संपवले. तो असे खेळ खेळत असे. झाले, वर्तमानपत्रांनी ‘काउंटर-स्ट्राइक’चे नाव घेऊन रान उठवले. पण त्याच्या हातातली शस्त्रे संगणकातून आली नव्हती. तो नेमबाजी क्लबचा सदस्य होता आणि त्या सदस्यत्वाच्या आधारावर त्याने ती मिळवली होती. म्हणजे परवाना! जर्मनांनी मग दोन्ही कामे केली. खेळांना वयाची बंधने घातली आणि शस्त्रांचा कायदाही कडक केला. खेळ म्हणून नेमबाजी करणाऱ्यांची वयोमर्यादा १८ वरून २१ वर नेली, आणि पंचविशीच्या आतील तरुणाला पहिले शस्त्र घेताना मानसिक तपासणी आवश्यक केली. आपण मात्र पहिल्या अर्ध्यावर सुस्कारे टाकतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर गप्प बसतो.

म्हणून हे खेळ सोवळे आहेत, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या लष्कराने ४ जुलै २००२ रोजी ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा खेळ स्वतः बनवून फुकट वाटला, तो तरुणांनी भरतीकडे वळावे म्हणूनच. खेळाचा मनावर काहीच परिणाम होत नसता तर एवढा खर्च कोणी केला असता? मेलेल्या माणसाचे शव क्षणात नाहीसे होते, त्याची आई कुठे दिसत नाही, पंचनामा नाही, तेरावा नाही. मृत्यूचे हे खोटे हलकेपण मलाही खुपते.

आणि खेळाची जागा बदलली, ही खरी चिंतेची गोष्ट आहे. कॅफेत तास संपला की मालक हाक मारी. खिशातले वीस रुपये संपले की खेळ संपे. शेजारी चार मित्र, मागे उभा असलेला कोणाचा तरी काका, वेळेवर वीज घालवणारे वीज मंडळ, असे कितीतरी पहारेकरी होते. २०१८ साली ‘पब्जी’ मोबाइलवर आला आणि हे सगळे पहारे उठले. खेळ पांघरुणात शिरला. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली. दुसऱ्या वर्षी तो भारतासाठीचे नवे नाव घेऊन परत आला. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आहारी जाण्याला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तेव्हा पालकांनी विचारायचे ते इतकेच. पोरगा कोणाबरोबर खेळतो, कुठे बसून खेळतो, आणि त्याचा तास संपतो कधी? ‘उठ आता’ म्हणणारे माणूस घरात हवे. ज्यांचे आईवडील सहा महिने कारखान्याच्या फडावर असतात आणि जी पोरे आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठी हे माणूस शाळेने, वसतिगृहाने पुरवले पाहिजे.

पण त्याआधी घरातल्या थोरांना एक विचारायचे आहे. परवाना हा जिवाला धोका असलेल्या माणसासाठी असतो. आपल्याकडे तो मोठेपणाचा दागिना कधी झाला? वाळूच्या, राखेच्या, गुत्तेदारीच्या पैशातून आधी चारचाकी येते, मग पांढरे कपडे, मग कमरेला पिस्तूल, आणि मग चौकात वाढदिवसाचा फलक. त्या फलकाखालून पोरे शाळेत जातात. वरातीत हवेत बार निघतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात कोणाचा जीव धोक्यात येईल असा बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाखापर्यंत दंडाचा, किंवा दोन्हीचा, गुन्हा आहे. किती वऱ्हाडी उठून निघून गेले?

मूल संगणकावरच्या अतिरेक्याची नक्कल करत नाही; त्याला माहीत असते की तो खोटा आहे. नक्कल ते करते गल्लीतल्या दादाची, कारण तो खरा आहे, आणि आपले वडील त्याला वाकून नमस्कार करतात हे त्याने पाहिलेले असते.

तेव्हा आज संध्याकाळी मुलाच्या हातातला मोबाइल जरूर काढून घ्या, बाहेर ओट्यावर त्याच्याशेजारी बसा. आणि पुढच्या लग्नसराईत ज्या मांडवात बंदूक दिसेल, त्या मांडवातून अक्षता न टाकता मुलाचा हात धरून घरी या. का आलो, हे त्याला वाटेत सांगा.